विटी-दांडूतील शिलालेख

अंबरनाथच्या शिवालयाचे प्राचीनत्व शिलालेखावरून ठरते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे त्याचे वर्ष. मुलांच्या खेळातही असाच एखादा जुना लेख दडलेला असतो, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

विटी-दांडूची मोजणीच पाहा ना! विटी कोलल्यावर दांड्याने अंतर मोजताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे म्हणावयाचे. हे शब्द मराठी नव्हेत. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या अंकांशी त्यांचे नाते उघड आहे. कोणत्याही शाळेने ते शिकविले नाहीत. मोठ्या मुलांकडून धाकट्यांनी ते उचलले आणि भाषांची सीमा ओलांडून ते मराठी अंगणात रुजले.

डच इतिहासकार योहान हाइझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा संस्कृतीहूनही प्राचीन असल्याचे प्रतिपादन केले. खेळाला स्वतःची जागा, स्वतःचा काळ आणि सर्वांनी मान्य केलेले नियम असतात. दंडाचे भय नसतानाही नियम पाळण्याचा पहिला धडा मूल तेथेच गिरवते.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. घरदार, शेतीवाडी मागे राहिली. पण खेळ आठवणीत होते. सिंधी भाषेत विटी-दांडूला ‘इटी-डकर’ म्हणतात. भाषा निराळ्या, परंतु लाकडाचे तेच दोन तुकडे! शेजार जुळण्यास याहून सोपे निमित्त कोणते?

निर्वासनातून परतलेल्या लोकांना धीर देताना जखऱ्या संदेष्ट्यानेही यरुशलेमच्या रस्त्यांत खेळणाऱ्या मुलामुलींचेच चित्र रंगविले. नगर पुन्हा वसल्याची खूण म्हणून त्याने तट किंवा राजवाडा सांगितला नाही.

आज उल्हासनगरच्या जेमतेम तेरा चौरस किलोमीटरांत, २०११ च्या जनगणनेनुसार, पाच लाखांहून अधिक लोक राहतात. अंबरनाथ-बदलापुरातही इमारती वाढत आहेत. अशा वेळी मोकळे पटांगण राखणे ही चैन नव्हे. शिवालयाचा दगड शतकानुशतके टिकतो. खेळातला लेख मात्र एक पिढी खेळली नाही, तर पुसला जातो. म्हणून घरातील आजोबांना ‘नाल’च्या पुढचे शब्द विचारावेत, आणि मुलांना ते अंगणात म्हणू द्यावेत.