फुकटचा कॉम्प्युटर आणि एका वाक्याची गोष्ट

मागच्या महिन्यात दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा गाइडकडे दिला होता. परत आला तेव्हा पहिल्याच वाक्याखाली लाल रेघ. वाक्य साधं होतं: ‘वापरकर्ते आपली वैयक्तिक माहिती देतात आणि त्या बदल्यात त्यांना उपयोगाच्या जाहिराती दिसतात.’ शेजारी सरांनी लिहिलं होतं, ‘हे कोणी ठरवलं? कधी?’

मी विज्ञान शाखेचा माणूस. व्याख्येला तारीख असते हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. पण तारीख शोधायला बसलो आणि तीन आठवडे त्यातच गेले. (सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी वेळापत्रकात अशा आठवड्यांसाठी जागा ठेवा.)

फेब्रुवारी १९९९. कॅलिफोर्नियात बिल ग्रॉस या उद्योजकाच्या आयडियालॅबमधून ‘फ्री-पीसी’ नावाची कंपनी निघाली. तिने जाहीर केलं की आम्ही दहा हजार कॉम्पॅक कॉम्प्युटर फुकट वाटणार. अट अशी, की एक लांबलचक फॉर्म भरायचा. वय, उत्पन्न, घरात कोण कोण आहे, आवडीनिवडी, सगळं त्यात आलं. शिवाय स्क्रीनच्या कडेला जाहिराती कायम चालू राहणार. त्या हार्ड डिस्कवरच साठवलेल्या असल्यामुळे इंटरनेट बंद केलं तरी सुटका नाही. अर्ज किती आले? दहा लाखांच्या वर.

हा आकडा दिसला की हात शिवशिवतात. ‘बघा, लोक आनंदाने माहिती विकतात’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. मीही लिहिलं होतं. पण अर्ज न केलेल्यांबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही, हे एक. दुसरं मला फार उशिरा दिसलं. या सौद्यात लोकांना मिळत काय होतं? कॉम्प्युटर. जाहिरात हा मोबदला नव्हताच, माहितीसारखीच तीही किंमत होती. कॉम्प्युटर हवा असेल तर माहिती द्या आणि वर जाहिराती सोसा. माझ्या वाक्यात मात्र तीच जाहिरात किमतीच्या रकान्यातून उचलून मोबदल्याच्या रकान्यात बसली होती.

फ्री-पीसी काही टिकली नाही. वर्ष संपता संपता ईमशीन्स कंपनीने ती घेतल्याचं जाहीर झालं. माहिती गोळा करायला फुकट यंत्र वाटण्याची गरजच नव्हती, कारण स्वस्त साधन आधीपासून हजर होतं.

ते साधन म्हणजे कुकी. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी ती तयार केली, तेव्हा काम अगदी साधं होतं: हाच ब्राउझर मघाशी येऊन गेला होता का, हे वेबसाइटच्या लक्षात राहावं. पण एका पानावर जाहिरात दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येत असेल, तर ती कंपनीही आपली कुकी ठेवू शकते आणि तोच ब्राउझर पुढे कुठे कुठे जातो ते जुळवू शकते. डबलक्लिकसारख्या कंपन्यांचा धंदा यावर उभा राहिला. फेब्रुवारी १९९७ मध्ये आरएफसी २१०९ हा तांत्रिक दस्तऐवज आला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक खुद्द माँटुली. अशा तिसऱ्या पक्षाच्या कुकीज मुळातच बंद असाव्यात, असं त्यात सुचवलं होतं. मोठ्या ब्राउझरांनी ते पाळलं नाही. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि त्यात वापरकर्ता कुठेच नव्हता. फ्री-पीसीच्या ग्राहकाने निदान फॉर्म तरी भरला होता. इथे ‘देतात’ हे क्रियापदच चुकतं.

१९९९ मध्येच डबलक्लिकने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी घेतली. कॅटलॉगवरून खरेदी करणाऱ्यांची नावं-पत्ते अबॅकसकडे होते. ती नावं ब्राउझिंगशी जोडायचा बेत बाहेर आल्यावर ओरड झाली, आणि मार्च २००० मध्ये कंपनीने माघार घेतली. पुढे डबलक्लिक गूगलने घेतली. मार्च २००९ मध्ये गूगलने आवडीनुसार जाहिराती सुरू करताना सूर लावला तो जाहिराती अधिक रंजक होण्याचा. रकाना बदलला तो असा.

मग लोकांना तो मोबदला वाटतो का? त्याच वर्षी जोसेफ टुरो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत फोनवरून सर्वेक्षण केलं. ६६ टक्के प्रौढांनी आवडीनुसार बेतलेल्या जाहिराती नकोत असं सांगितलं. त्यासाठी माहिती कशी गोळा होते ते सांगून विचारल्यावर नकार ७३ ते ८६ टक्क्यांपर्यंत गेला. पण नको म्हणणारे वापर थांबवत नाहीत, हेही आपण रोज बघतो. टुरो यांच्याच २०१५ च्या अभ्यासात याला एक उत्तर मिळतं. आपल्या माहितीवर आपला ताबा हवा, पण तो आता आपल्याकडे फारसा नाही हेही स्वीकारलंय, अशी दोन्ही विधानं मान्य करणारे ५८ टक्के निघाले. त्यातही ज्यांना या धंद्याची माहिती जास्त, ते जास्त हताश. मला वाटलं होतं उलट असेल.

मराठीत याला नेमका शब्द आहे: नाइलाज. संमती आणि नाइलाज दोन्हींचं वर्तन सारखंच दिसतं. बटण दोघंही दाबतात. माझ्या डेटात मात्र दोघंही ‘हो’ म्हणूनच नोंदले जातात.

मसुद्यातलं पहिलं वाक्य आता बदललंय, सरांनी ते चालवूनही घेतलं. प्रश्नावलीतला चौथा प्रश्न मात्र अजून तसाच आहे: ‘तुमची संमती आहे का? हो / नाही.’ तिसरा पर्याय कसा लिहायचा, यावर मंगळवारी पुन्हा बसायचंय.