वकील, सर्पगंधा आणि १४३ निवृत्त सैनिक

आजच्या भागात लढाई नाही, किल्लाही नाही. आज बीपी. तुमच्या घरी कुणा ना कुणाच्या डबीत त्याची गोळी असेलच. ती तिथवर कशी पोचली, तेवढंच सांगतो. या गोष्टीत मुंबई आहे आणि सैनिकही आहेत, त्यामुळे विषय माझ्या हद्दीबाहेरचा नाही.

आधी मोजमाप. दंडाला बांधायचा पट्टा इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. पण त्यावर फक्त वरचा आकडा कळायचा. १९०५ मध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन लष्करी सर्जननं पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावला आणि धमनीतला आवाज कधी सुरू होतो, कधी थांबतो ते ऐकलं. तेव्हापासून दोन आकडे आले. रशिया-जपान युद्धातल्या जखमींच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारा हा माणूस. फौजी डॉक्टरचं नाव असं कुठं आलं की मला बरं वाटतं, काय करणार!

आकडे मिळाले, पण औषध नव्हतं. बरेच डॉक्टर तर म्हणत, वयाबरोबर दाब वाढायचाच, शरीराला तो हवाच असतो. अमेरिकेच्या रूझवेल्टचं उदाहरण घ्या. मार्च १९४४ मध्ये बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात त्याचा दाब भरला १८६/१०८. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाला काय मिळालं? विश्रांती, कमी मीठ आणि हृदयासाठी डिजिटॅलिस. फेब्रुवारी १९४५ मध्ये हाच माणूस याल्टाला स्टालिनसमोर बसला आणि १२ एप्रिलला मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला. बॉम्बचा सगळा खर्च करू शकणाऱ्या देशाकडे बीपीची साधी गोळी नव्हती.

आणि इकडे आपल्याकडे सर्पगंधेचं मूळ होतं. सर्पदंशावर, वेड लागलेल्यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या दिलं जाई. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यानं रक्तदाब उतरतो असं लिहिलंही. पण ते बाहेर फारसं कुणी वाचलं नाही.

मग आले डॉ. रुस्तम जाल वकील. मुंबईचे पारशी, १९११ चा जन्म, परळच्या केईएम रुग्णालयात काम. त्यांनी मूळ शोधलं नाही, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी ५० रुग्णांना त्याच्या गोळ्या दिल्या, दाब मोजत राहिले आणि लिहून ठेवलं. चार आठवड्यांनी ८५ टक्के रुग्णांचा वरचा आकडा उतरला होता, ८१ टक्क्यांचा खालचा. १९४९ मध्ये हे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आलं. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी त्याची दखल घेऊन आपल्या रुग्णांना हेच औषध दिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, रेसर्पिन. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं. केईएमवरून जाणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल, देव जाणे.

पण रेसर्पिनची दुसरी बाजू लवकरच दिसली. नाक चोंदणं, सुस्ती हे ठीक. काही रुग्ण, विशेषतः मोठ्या मात्रेवरचे, खोल उदास झाले. शिवाय एक प्रश्न राहिलाच होता: दाब उतरला, पण माणूस वाचतो का?

उत्तर दिलं अमेरिकेच्या निवृत्त सैनिकांनी. त्यांच्या सरकारी रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी १४३ माणसं घेतली. सगळ्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९. निवडीआधी त्यांना नुसत्याच गोळ्या दिल्या. त्यात रिबोफ्लेविन घातलं होतं, म्हणजे लघवी तपासली की कोण गोळी घेतो आणि कोण चुकवतो ते उघड. चुकवणारे बाद. आमची परेडची हजेरी याहून कडक नसते हो! मग एका गटाला रेसर्पिनसह तीन औषधं, दुसऱ्याला बिनऔषधी गोळी. १९६७ मध्ये निकाल आला. बिनऔषधी गटात २७ गंभीर घटना, त्यात ४ मृत्यू. औषधाच्या गटात घटना २, मृत्यू एकही नाही.

हे मी आज का सांगतोय? इथं बंगळुरूत आम्ही निवृत्त मंडळी सकाळी फिरतो, तिथं दर महिन्याला कुणीतरी म्हणतं, “सर, गोळी सोडली, सर्पगंधेची पूड घेतोय. आपलं आयुर्वेद, साइड इफेक्ट नाही.” असंच म्हणणारा आमच्यातला एक कर्नल आज उजव्या हातानं चहाचा कप उचलू शकत नाही. पुडीवर वकिलांचं नाव सांगून विकणारे आहेत. पण वकिलांनी मूळ दिलं ते मोजून, आणि पुडीत द्रव्य किती याचा कुणाला पत्ता नसतो. साइड इफेक्ट त्याच मुळाचे, वर सांगितले तेच.

घरी मोजताना चहा-सिगारेटनंतर अर्धा तास जाऊ द्या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात छातीच्या पातळीवर ठेवा, मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि वहीत लिहा. पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा वर आला तर डॉक्टर गाठा. लोणचं-पापड धरून दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी.

२०१७ पासून देशात सरकारी उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा आणि सिंधुदुर्ग होते. सरकारी केंद्रात ठरलेल्या क्रमानं गोळ्या मिळतात: अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन. रेसर्पिन त्या यादीत नाही.