ग्वांगजूची टॅक्सी

मंगळवार, ३ डिसेंबर २०२४. संध्याकाळचे सात वाजायला दोन-तीन मिनिटं कमी. एका रिलीजच्या घोळामुळे मी अजून हिंजवडीतच अडकलो होतो आणि सोलच्या टीमबरोबर कॉल चालू होता. (तिकडे रात्रीचे साडेदहा. बिचारे आपल्यापायी जागत होते.) बोलता बोलता पलीकडचा एक जण थांबला. मग म्हणाला, आमच्याकडे मार्शल लॉ लागलाय, मला आईला फोन करायचाय. आणि गेला.

आम्ही इकडचे तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. एकाला वाटलं थट्टा करतोय. सॅमसंग, बीटीएस, नेटफ्लिक्सवरच्या मालिका यांचा देश, तिथे कसला आलाय मार्शल लॉ? मला मात्र त्याने आईला फोन का केला ते कळलं. तो मूळचा ग्वांगजूचा. हे गाव मला माहीत झालं ते एका सिनेमामुळे, आणि आज लिहायचंय ते त्याबद्दलच.

सिनेमा म्हणजे २०१७ सालचा 'अ टॅक्सी ड्रायव्हर'. त्यातला सोंग कांग-हो आपल्याकडे 'पॅरासाइट'मुळे ओळखीचा आहे. मे १९८० मध्ये युर्गेन हिन्झपेटर या जर्मन कॅमेरामनला सोलहून ग्वांगजूला घेऊन जाणाऱ्या टॅक्सीवाल्याची गोष्ट. हिन्झपेटर खरा, त्याने बिस्किटांच्या डब्यात लपवून बाहेर काढलेली रिळंही खरी. टॅक्सीवाला किम सा-बोकही खरा, पण सिनेमातल्यासारखा भाडं थकलेला भोळा सांब नव्हे. तो हॉटेलच्या गाड्या चालवायचा आणि त्याला इंग्रजी येत होतं. हिन्झपेटरने पुढे त्याला खूप शोधलं. सापडला नाही. हिन्झपेटर २०१६ च्या जानेवारीत गेला. सिनेमा आल्यावर टॅक्सीवाल्याचा मुलगा पुढे आला तेव्हा कळलं, की किम १९८४ मध्येच वारला होता.

असो. मूळ घटना थोडक्यात अशी. अठरा वर्षं सत्ता गाजवणाऱ्या पार्क चुंग-हीला ऑक्टोबर १९७९ मध्ये त्याच्याच गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने गोळ्या घातल्या. लोकांना वाटलं, सुटलो. पण १२ डिसेंबरच्या रात्री जनरल चुन दू-ह्वानने लष्कर ताब्यात घेतलं आणि १७ मे १९८० ला मार्शल लॉ देशभर लागू केला. संसदेला सैन्याने वेढा घातला, विरोधी नेते आत. दुसऱ्या दिवशी ग्वांगजूच्या चोन्नाम विद्यापीठाच्या फाटकाशी विद्यार्थी जमले आणि छत्रीधारी सैनिकांनी त्यांना दंडुक्यांनी फोडून काढलं. नुसत्या विद्यार्थ्यांना नाही, रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांनाही.

आता टॅक्सीवाल्यांचं बघा. हे काही चळवळीतले लोक नव्हते. पण जखमींना दवाखान्यात पोचवायचे तेच, आणि तसं करताना सैनिकांनी त्यांनाही गाडीतून ओढून मारलं. मग २० मेच्या संध्याकाळी मुदुंग स्टेडियमपाशी गाड्या जमल्या. पुढे बस आणि ट्रक, मागे टॅक्स्या, मिळून दोनशेच्या वर. दिवे लावून, हॉर्न वाजवत हा सगळा ताफा गुमनाम-रो या मुख्य रस्त्याने प्रांतिक कचेरीकडे निघाला. तोवर घाबरून घरात बसलेली माणसं त्यांच्यामागे बाहेर पडली.

२१ ला सैन्याने कचेरीसमोरच्या गर्दीवर गोळीबार केला. लोकांनी पोलीस ठाण्यांतल्या बंदुका उचलल्या, सैन्य गावाबाहेर हटलं, आणि पाच-सहा दिवस गाव लोकांनीच चालवलं. रक्तदानाला रांगा, रस्त्यावर भाताचे गोळे वाटणाऱ्या बाया. २७ च्या पहाटे रणगाडे परत आले. कचेरीत शेवटपर्यंत थांबलेल्यांत शाळकरी पोरंही होती. सरकारी हिशोबात मेलेले नागरिक दीडशेच्या आसपास, बेपत्ता वेगळे. हे सगळं कम्युनिस्टांनी चिथावलेलं बंड, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं.

मला सगळ्यात जास्त छळतं ते यानंतरचं. १९८२ मध्ये कोरियात व्यावसायिक बेसबॉल सुरू झालं. पहिला चेंडू टाकला खुद्द चुन दू-ह्वानने. लोकांनी राजकारण विसरून खेळ बघावा हा सरळ हिशोब. ग्वांगजूच्या वाट्याला आला हाइताई टायगर्स. हाइताई म्हणजे बिस्किटं-गोळ्या करणारी कंपनी, पैशाने बेताची. आणि त्यांचं घरचं मैदान कुठलं? मुदुंग! जिथून टॅक्स्या निघाल्या, तिथलंच.

हा संघ १९८३ ते १९९७ या काळात नऊ वेळा विजेता झाला. ग्वांगजू ज्या भागात येतं त्या चोल्लाकडे पार्कच्या काळात कारखाने फिरकले नाहीत. ते गेले त्याच्या ग्योंगसांगकडे. (अनुशेष हा शब्द माहीत असलेल्या मराठी माणसाला हे जास्त समजवायला नको.) मोर्चा काढता येत नव्हता, मेलेल्यांची नावं मोठ्याने घेता येत नव्हती. पण मॅच जिंकल्यावर हजारोंनी मिळून 'मोक्पोचे अश्रू' हे १९३५ सालचं रडवं गाणं म्हणायला कोणाची बंदी असणार? विसरण्यासाठी दिलेला खेळ लोकांनी आठवण ठेवायला वापरला. चुनला हे सुचलंच नसेल.

१९८७ मध्ये देशभर उद्रेक झाला, नवी घटना आली, थेट निवडणूक आली, आणि संसद बरखास्त करायचा राष्ट्राध्यक्षाचा अधिकार गेला. १९९६ मध्ये चुनला फाशी सुनावली, अपिलात जन्मठेप झाली, १९९७ च्या डिसेंबरात माफी. २०२१ मध्ये तो आपल्या घरी मेला. ग्वांगजूची माफी न मागता. माफी देणं शहाणपणाचं होतं असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही.

तर ती मंगळवारची रात्र. मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. युन सुक-योल यांच्या हुकमाने संसदेवर हेलिकॉप्टरने सैनिक उतरलेले, आणि खासदार कुंपणावरून उड्या मारून आत शिरतायत. त्यात सदुसष्ट वर्षांचे सभापतीही. कर्मचाऱ्यांनी दाराला टेबलं-खुर्च्या लावलेल्या. बाहेर हजारो लोक. आपल्याकडचे साडेनऊ झाले तेव्हा मतदान संपलं: १९० विरुद्ध शून्य, मार्शल लॉ उठवा. आपले एक वाजले तेव्हा तो उठला. मी आणीबाणीनंतर जन्मलेला. आईने त्या दिवसांबद्दल सांगितलेलं इतकी वर्षं मी अर्ध्या कानाने ऐकलं होतं, ते त्या रात्री आठवत राहिलं.

पुढच्या आठवड्यांत पोरी के-पॉपच्या मैफलीत हलवायचे रंगीत दिवे घेऊन थंडीत संसदेसमोर उभ्या राहिल्या. १४ डिसेंबरला महाभियोग मंजूर झाला, आणि ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाने ८-० ने युनना पदावरून काढलं.

आमचा माणूस बुधवारी सकाळी वेळेवर कॉलवर होता. आवाज बसलेला. रात्री संसदेपाशी होता म्हणाला. आईने काय सांगितलं, असं मी (आगाऊपणे) विचारलं. ती म्हणाली, जाऊ नकोस. आणि मग म्हणाली, जाणारच असलास तर फोन चार्ज करून घे.

रिलीज एक दिवस पुढे ढकललं.