धानाच्या पेशीतलं भांडण

चिमूर म्हटलं की ऑगस्ट १९४२ आठवतो. पण या झाडीपट्टीला आणखी एक इतिहास आहे, धानाच्या बियाण्याचा.

चिमूरला लागून नागभीड तालुका. तिथल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे म्हणजे जेमतेम दीड एकराचे धनी. १९८३ साली ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या. काही वर्षांत बारीक तांदळाचा वाण हाती आला. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ नाव पडलं. धानाचं फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून घरचं बी खरं उतरतं. एकाने दुसऱ्याला पायलीभर दिलं, वाण गावोगाव गेला.

संकरित धानाची गोष्ट उलटी. तिथे आई-झाडाचा पराग निकामीच हवा. बारीक बारीक फुलांचे परागकोश चिमट्याने काढत कोण बसणार? १९७० साली चीनच्या हैनान बेटावर युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना निकामी परागाचं रानधानाचं झाड सापडलं आणि १९७६ पासून तिथे संकरित धान शेतात गेला. आपल्याकडे कर्जतच्या संशोधन केंद्राचा ‘सह्याद्री’ १९९८ साली आला.

पराग निकामी का होतो, हे कळायला मात्र २०१३ उजाडलं.

पेशीतल्या तंतुकणिका म्हणजे श्वसनाच्या भट्ट्या. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी त्या स्वतंत्र जीवाणू होत्या. पेशीत बिऱ्हाड केल्यावर त्यांची बरीच जनुकं केंद्रकात गेली. (घरजावयाची शेती सासऱ्याच्या नावे व्हावी तसंच!) त्यामुळे भट्टीचे बहुतेक भाग आज केंद्रकाच्या हुकमाने घडतात आणि मग भट्टीत नेऊन बसवले जातात. ‘कॉक्स-११’ हे असंच प्रथिन. श्वसनाच्या शेवटच्या पायरीवर प्राणवायू वापरणारं जे यंत्र आहे, त्यात तांबं बसवायला ते लागतं. ग्वांगझूच्या शास्त्रज्ञांना दिसलं की, त्या रानधानाच्या तंतुकणिकेतलं ‘डब्ल्यूए-३५२’ हे प्रथिन नेमकं याच कॉक्स-११ला धरून बसतं. मग परागाला पोसणारं परागकोशाचं अस्तर वेळेआधीच मरतं आणि पराग उपाशी राहतो.

तंतुकणिका आईकडून येतात, तसा हा दोषही. त्याला आवर घालणारी ‘आरएफ-४’सारखी जनुकं केंद्रकात असतात, ती बाप-वाणाकडून मिळतात. म्हणून विकत आणलेल्या बियाण्याला दाणा भरतो. तेच धान पुढच्या वर्षी पेरलं, तर जनुकांची वाटणी बदलते. काही झाडांना आईचा दोष मिळतो, बापाचा उतारा मिळत नाही. बाकीचीही एकसारखी येत नाहीत. संकरित धानाने चीनला भरपूर तांदूळ दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दरसाल दुकानाची पायरी चढावी लागते, त्याचं मूळ या भांडणात आहे.

दादाजींचा नमुना १९९४ साली सिंदेवाहीच्या केंद्रात गेला. पुढे विद्यापीठाचा ‘पीकेव्ही एचएमटी’ आला आणि श्रेयाचा वाद बरीच वर्षं चालला. २००५ साली राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. ‘नांदेड हिरा’, ‘डीआरके’ हे वाणही त्यांचेच, तेही निवडीतूनच काढलेले. ३ जून २०१८ रोजी ते गेले.