रकान्यातला माणूस

आमच्या बीड जिल्ह्याचा जुना सरकारी कागद बराचसा उर्दूत आणि मोडीत आहे, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या अमलाखाली होतो. त्या दप्तरांना सहसा कोणी हात लावीत नसे. परंतु ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून एकाच शब्दाचा शोध सुरू झाला: ‘कुणबी’. पहिल्या फेरीत पावणेदोन कोटींच्या आसपास कागद चाळले गेले आणि नोंदी निघाल्या ११,५३०. एका नोंदीवर साऱ्या कुळाचा दाखला, अन् दाखल्यावर मुलाचा प्रवेश!

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ‘इ’कार-‘उ’कारांत ऱ्हस्वदीर्घ पाळलेले नसते. त्यातून लिहिणाऱ्याची बोली निराळी. कोणी कुणबी म्हणेल, कोणी कुनबी, कोणी कुळंबी. मग वाचणारा मनाशी एक साचा धरतो: आधी ‘कु’ किंवा ‘कू’, पुढे ण, न वा ळं, शेवटी ‘बी’ किंवा ‘बि’. साच्यात बसेल तिथे बोट थांबते.

या साच्याचे गणित १९५१ साली स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने मांडले. मौज अशी, की तो विचार करीत होता मज्जातंतूंच्या जाळ्यांचा! त्याला तीनच क्रिया पुरल्या: एकापुढे एक, हे किंवा ते, आणि पुन्हा पुन्हा. याचेच नाव रेग्युलर एक्स्प्रेशन. १९६८ मध्ये केन टॉम्प्सनने ते संगणकाकडून मजकुरात शोधून घेण्याची रीत छापली. आपल्या पाणिनीने ‘अच्’ म्हणताच सारे स्वर हजर होतात. संगणकाच्या चौकटी कंसातला अक्षरगट मला त्याच जातीचा वाटतो.

आता याद्या पडद्यावर येतात. पडद्यावरच्या तक्त्यामागे खुणा दडलेल्या असतात. प्रत्येक ओळ ‘टीआर’ने उघडते, प्रत्येक रकाना ‘टीडी’ने उघडतो आणि मिटतो. साच्याला सांगायचे, की दोन ‘टीडीं’मधले जे असेल ते उचल. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने नात्यातल्यांसाठी अशी एक लांबलचक यादी उतरवायला घेतली. पहिल्याच झटक्याला तो ओरडला, “गुरुजी, सगळा गाव एकाच रकान्यात आला!” साचा मुळात हावरा. पहिल्या खुणेपासून थेट शेवटच्या खुणेपर्यंत सारे गिळतो. ‘मिटणारी पहिली खूण दिसताच थांब’ असे बजावल्यावर नावे सुटी झाली.

तरी काही ओळींत बापाचे नाव गावाच्या जागी येऊन बसले होते. कारण शोधता कळले, की यादीत गावाचे नाव एकदाच लिहून तो रकाना खालच्या पाच-सात ओळींवर पसरलेला. त्या ओळींत एक रकाना कमी, म्हणून पुढचे सारे एक घर सरकले. हाताने लिहिणारा अशा जागी दोन लहान रेघा ओढतो आणि वाचणारा आपसूक वर पाहतो. साचा वर पाहत नाही. तक्त्यात तक्ता असला तर आणखी पंचाईत. कितीही खोल गुंतलेल्या जोड्या जुळवणे अशा साच्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे नोम चॉम्स्कीच्या १९५६ च्या मांडणीपासून ठाऊक आहे.

मुलाने साचा फक्त ओळी सुट्या करण्यापुरता ठेवला. गावाचे नाव लक्षात ठेवून खालच्या ओळींना जोडण्याचे काम वेगळ्या चार ओळींच्या प्रोग्रामला दिले, आणि सरकलेली नावे तेवढी मूळ नोंदीशी बोट लावून ताडायला बसला.