जमखंडीची नारिंगी रेषा

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन सज्ज होते. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. आकाश ढगाळ होते. तरीही ढगांच्या फटीतून सूर्याच्या कडेवर उसळलेली ज्वाळा त्यांना दिसली आणि तिच्या वर्णपटात तीन तेजस्वी रेषा आढळल्या : तांबडी, नारिंगी व निळी. सलग वर्णपट नव्हता. म्हणजे ती ज्वाळा तप्त, विरळ वायूची होती.

तांबडी व निळी रेषा हायड्रोजनच्या ठरल्या. नारिंगी रेषा सोडियमची असावी, असे अनेकांना वाटले.

हायड्रोजनच्या रेषांमागील नियम १८८५ मध्ये योहान बाल्मर यांनी मांडला. बाझेल येथील मुलींच्या शाळेतील या शिक्षकाने आंगस्ट्रॉम यांनी मोजलेल्या चार तरंगलांबींवरून सूत्र बसवले : ३६४.६ नॅनोमीटर × न² ÷ (न² − ४). येथे न म्हणजे ३, ४, ५ असे पूर्णांक. न = ३ घेतल्यास ६५६.३ ही तांबडी रेषा मिळते, न = ४ घेतल्यास ४८६.१ ही निळी. न अनंताकडे नेला की रेषा दाट होत ३६४.६ या सीमेला टेकतात. बाल्मर श्रेणीची व्याप्ती म्हणून ३६४.६ ते ६५६.३ नॅनोमीटर.

हीच रीत इतर श्रेणींना लागू पडते. पायाभूत पातळीचा क्रमांक क असेल, तर लघुतम तरंगलांबी सुमारे ९१.२ × क² असते. दीर्घतम तरंगलांबी लगतच्या वरच्या पातळीवरून क वर येताना मिळते. त्यानुसार लायमन श्रेणी ९१.२ ते १२१.६ आणि पाश्चेन श्रेणी सुमारे ८२० ते १८७५ नॅनोमीटर. या तीन श्रेणी एकमेकींत मिसळत नाहीत. चौथी, ब्रॅकेट श्रेणी मात्र सुमारे १४५९ पासून सुरू होते आणि पाश्चेनच्या हद्दीत शिरते. या पूर्णांकांचा भौतिक अर्थ १९१३ मध्ये बोर यांच्या अणुप्रारूपाने उलगडला.

आता ती नारिंगी रेषा पाहू. तिची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर, म्हणजे बाल्मर श्रेणीच्या व्याप्तीत नेमकी बसणारी. सूत्रात घातल्यास मात्र न सुमारे ३.२५ येतो. पूर्णांक नाही, म्हणून ती हायड्रोजनची नाही. ती सोडियमचीही नाही, हे लॉकियर यांनी त्याच वर्षी इंग्लंडमधून दाखवले. ती होती हेलियमची. हे मूलद्रव्य पृथ्वीवर रॅम्से यांना १८९५ मध्ये सापडले.

जमखंडी १९५६ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. आज ते कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथे दिसलेली रेषा विद्यार्थ्याला आजही एक भेद शिकवते : व्याप्ती केवळ हद्द सांगते, ओळख पटते ती पूर्णांकाने.