पाचगणीचे ‘हेक्टिक्स’ : ध्वनिमुद्रण नसलेल्या वाद्यवृंदाचा इतिहास

१/ रॉक गायकाचा अभ्यास साधारणतः चार साधनांवर उभा राहतो : त्याची स्वतःची गाणी, त्याने गायलेली इतरांची गाणी, ध्वनिमुद्रित होऊनही बाजूला राहिलेली गाणी आणि रंगमंचावरील सादरीकरण. फ्रेडी मर्क्युरीच्या बाबतीत यांतील दुसऱ्या साधनाचा माग सातारा जिल्ह्यापर्यंत येतो.

२/ ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमधील पारशी कुटुंबात जन्मलेला फारूख बुलसारा वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत आला. पियानोचे धडे त्याने येथे गिरवले. ‘फ्रेडी’ हे नावही येथेच रूढ झाले.

३/ १९५८ च्या सुमारास शाळेतील पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद स्थापन केला. मुख्य गायक होता ब्रूस मरे. फ्रेडी पियानोवर असे. बेससाठी चहाच्या रिकाम्या खोक्याला दांडा व तार जोडली होती.

४/ क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शालेय समारंभांत सादर करीत. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे फ्रेडी लगेच पियानोवर वाजवी, असे सहाध्यायी सांगतात.

५/ मात्र या आठवणी तो जगप्रसिद्ध झाल्यानंतर सांगितल्या गेल्या. कीर्ती स्मृतीला रंग चढवते. ‘क्वीन’चे बाजूला राहिलेले ‘फेस इट अलोन’ २०२२ मध्ये प्रकाशित झाले, कारण त्याची फीत जपलेली होती. हेक्टिक्सची अशी फीत उपलब्ध नाही. मग पडताळा कसा घ्यावा?

६/ उत्तरकालीन ध्वनिमुद्रणे पाहू. १९८६ च्या वेम्ब्ली मैफलीत क्वीनने लिटल रिचर्डचे १९५५ चे ‘टुटी फ्रुटी’ गायले. १९८७ मध्ये फ्रेडीने ‘द प्लॅटर्स’चे, तेही १९५५ चेच, ‘द ग्रेट प्रिटेंडर’ नव्याने गायले. ही त्याच्या शालेय वयातली गाणी.

७/ तरीही हा पुरावा अपुरा आहे. हीच गाणी ऐकत इंग्लंडमधील त्याचे समवयस्कही वाढले होते. ‘टुटी फ्रुटी’वर पाचगणीला एकटीचा हक्क सांगता येत नाही.

८/ पियानोचे तसे नाही. गाणे कानाने उचलून बोटांवर उतरवण्याचा सराव त्याला येथे झाला. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’तील पियानो त्याने स्वतः वाजवला. ‘जगप्रसिद्ध गायक पाचगणीत घडला’ या अभिमानाच्या वाक्याला पुराव्याची मर्यादा आहे. ‘त्याचा पियानोवादक पाचगणीत घडला’ हे विधान अधिक भक्कम आहे.